तारेवरचे शून्य आणि एक

(ग्रंथालयाच्या शताब्दी समारोहानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



बालाघाट जिल्ह्याच्या भूमीने देशाला दोन मोलाची खनिजे दिली आहेत. भरवेलीच्या खाणीतले मँगनीज हे एक आणि बैहरच्या पठारावरील मलांजखंडचे तांबे हे दुसरे. मँगनीजचा बहुतेक भाग पोलादाच्या भट्ट्यांकडे जातो, हे सर्वश्रुत आहे. परंतु या खनिजाचे आणखी एक काम आहे आणि त्याचा संबंध आजच्या विषयाशी पोहोचतो. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली जो विद्युत्घट सिद्ध केला, त्याचा मुख्य घटक मँगनीज डायऑक्साइड हा होता. बेल्जियमच्या तारखात्याने तो लगोलग स्वीकारला आणि पाहता पाहता देशोदेशीच्या तारकचेऱ्यांच्या मेजाखाली हे घट रांगेने दिसू लागले. विजेरीतला कोरडा घट हा त्याचाच वंशज होय. आजही मॉइल (पूर्वीची मँगनीज ओर इंडिया) ही कंपनी भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे विद्युत्घटांसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार करते. तांब्याची गोष्ट थोडी निराळी. तारायंत्राच्या आरंभकाळी खांबांवरून जाणारी तार बहुधा लोखंडाची असे. पुढे टेलिफोनच्या व संगणकाच्या केबलींत तांब्याने तिची जागा घेतली. संदेशाला बळ पुरवणारा घट आणि संदेशाला वाट देणारी तार, या दोहोंची सामग्री या एका जिल्ह्याच्या पोटात आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी खरीच.

घट आला, तार आली, तरी संदेश अजून दूरच राहतो. कारण विजेला अक्षर ठाऊक नसते. तारेच्या एका टोकाला दाब कमीअधिक केला, तर दुसऱ्या टोकाला तो कमीअधिक झालेला जाणवतो. याहून अधिक काहीही तारेला साधत नाही. त्या कमीअधिकपणातून 'क' कोणता आणि 'ख' कोणता हे ठरते ते दोन टोकांच्या आपसातील करारामुळे. या कराराला संकेतन असे म्हणतात. पावणेदोनशे वर्षांत हे करार कसे बदलत गेले आणि त्या सर्वांच्या मुळाशी कोणती एकच चिंता राहिली, हे पाहणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे. ती चिंता अशी : मौन म्हणजे नेमके काय, हे पलीकडच्याला कसे कळावे? पाठवणारा गप्प आहे, की तार तुटली आहे?

हिंदुस्थानात तारेचा आरंभ केला तो डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी. १८३९ साली त्यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या परिसरात पहिले प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली आणि १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. सातपुड्याच्या या भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेचा गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर हा अडीच फुटी मार्ग पूर्ण झाला. आगगाडी जेथे जाई तेथे तारेचे खांबही जात, कारण तारेवाचून गाड्यांची ये-जा सांभाळणे अशक्य होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील कुटुंबांना तारेची ओळख झाली ती मात्र वेगळ्याच रीतीने. दारात तारवाला उभा राहिला की पाकीट फोडण्यापूर्वीच घरातील बायका डोळ्यांना पदर लावीत. तार म्हणजे अशुभ, ही समजूत खेडोपाडी पक्की झाली होती. दर शब्दाला पैसे मोजावे लागत असल्याने सामान्य माणूस आनंदाच्या वार्तेसाठी पोस्टकार्डच पसंत करी. तार राखून ठेवली जाई ती निकडीसाठी. निकडीच्या मजकुरात एका अक्षराचीही चूक परवडत नाही. तारेवरचे अक्षर बिनचूक पोहोचणे हा अशा रीतीने घराघरांच्या काळजाचा प्रश्न होता.

त्या काळचा करार मोर्सचा होता. त्यात दोनच खुणा : ऱ्हस्व आणि दीर्घ. छंदःशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकाला लघु-गुरूंची आठवण होईल आणि ती सार्थ आहे. पिंगलाचार्यांनी लघु-गुरूंच्या सर्व संभाव्य मांडण्या मोजण्याची जी रीत सांगितली, ती आजच्या द्विमान गणिताच्या अगदी जवळची आहे. मोर्सचा गुरू लघूच्या तिप्पट लांबीचा. परंतु या संकेतावलीत अर्थ केवळ आवाजाला नाही, आवाजामधल्या अंतरालाही आहे. एका अक्षरातील दोन खुणांमध्ये एक मात्रा, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रा थांबायचे. म्हणजे येथे मौनही बोलते. तारमास्तरांचे कान सरावलेले असत. पलीकडच्या माणसाचा हात जलद की मंद, हे ते दोन शब्दांत ओळखीत आणि त्या बेताने मात्रा मोजीत. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली देवनागरी लिपीतून तारा पाठविण्याची सोय सुरू झाली आणि नागरी अक्षरे रोमन वेषांतरावाचून तारेवर चढू लागली.

माणसाच्या कानाला जे जमते ते यंत्राला जमत नाही. हा भेद समजण्यासाठी मोडी कागदाचे उदाहरण उपयोगी पडेल. मोडी लिहिणारा आधी पानभर ओळी आखून घेई आणि मग त्या रेषेखाली अक्षरे सलग लिहीत जाई. शब्द कोठे संपला याची खूण तो ठेवीत नसे. नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरातील कागद वाचणारा अभ्यासक संदर्भाने शब्द तोडतो. 'तीनदीवर' असे दिसले तर मागचापुढचा मजकूर पाहून 'ती नदीवर' असे तो वाचतो. यंत्रापाशी असा संदर्भ नसतो. त्याला विजेची एक अखंड रेषा दिसते. ती कोठे तोडायची, हे रेषेतच सांगून ठेवावे लागते.

पहिला उपाय सुचला तो दोन्ही टोकांना सारखी चालणारी घड्याळे ठेवण्याचा. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस रोनाल्ड्स यांनी १८१६ सालीच दोन टोकांना अक्षरे कोरलेल्या तबकड्या घड्याळाच्या यंत्राने फिरवून दाखवल्या होत्या. तारेवर खूण आली त्या क्षणी जे अक्षर खिडकीत दिसेल ते टिपायचे. पुढे फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पाच कळांची पद्धत शोधली. प्रत्येक कळ दाबलेली किंवा न दाबलेली, अशा पाच कळांच्या बत्तीस मांडण्या होतात. तेवढ्यांत रोमन लिपी बसते. येथे प्रत्येक अक्षराला सारखीच लांबी मिळाली, हा मोर्सहून मोठा फरक होय. खुणांच्या वेगाचे जे एकक आज 'बॉड' म्हणून ओळखले जाते, ते या बोदोंच्या नावावरून पडले आहे. मात्र बोदोंच्या यंत्रावर काम करणाऱ्याला ठरलेल्या ठेक्यावरच कळा दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर बिघडे. दोन यंत्रे दिवसभर एका तालात ठेवणे हे कामही जिकिरीचेच होते.

यातून जी वाट निघाली ती संगीताच्या जाणकारांना लगेच पटेल. गायक आणि तबलजी यांची लय सूक्ष्मपणे मागेपुढे होतच असते. परंतु दर आवर्तनाला दोघे समेवर येतात आणि झालेला फरक तेथे पुसला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दूरमुद्रकांसाठी जी पद्धत रूढ झाली, तिने हेच केले. प्रत्येक अक्षराच्या आधी एक आरंभखूण आणि नंतर एक विरामखूण. आरंभखूण येताच घेणाऱ्याचे घड्याळ चालू होते, अक्षरापुरते चालते आणि विरामखुणेपाशी थांबते. घड्याळे दिवसभर जुळायला नकोत. एका अक्षरापुरती जुळली की पुरे.

याच पद्धतीत मौनाचा प्रश्नही सुटला. दूरमुद्रकाच्या तारेत संदेश नसतानाही प्रवाह वाहता ठेवीत. प्रवाह वाहतो आहे याचा अर्थ 'मी येथे आहे, सांगण्यासारखे काही नाही'. आरंभखूण म्हणजे त्या प्रवाहाचा क्षणिक खंड. त्यामुळे तार तुटली तर यंत्र निमूट बसत नसे. त्याला वाटे, आरंभखुणाच येत आहेत, आणि ते रिकामेच खडखडत राही. तो खडखडाट ऐकून कचेरीतील माणूस उठे आणि दुरुस्तीची व्यवस्था करी. विश्रांतीतही प्रवाह चालू ठेवण्यात वीज खर्च होई खरी. परंतु गप्प बसणे आणि तुटणे यांतला भेद त्या खर्चात विकत मिळे.

संगणक आला तेव्हा त्याने हाच वारसा उचलला. अमेरिकेत १९६० साली आरएस-२३२ या नावाचे मानक ठरले. संगणकाला टंकयंत्र, मोडेम, वजनकाटा किंवा छपाईयंत्र जोडण्यासाठी ते पुढे दशकानुदशके वापरले गेले, आणि कारखान्यांतील उपकरणांवर ते आजही भेटते. सामान्य समजूत अशी की एक म्हणजे वीज आहे आणि शून्य म्हणजे वीज नाही. या मानकात तसे नाही. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे 'एक' आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे 'शून्य'. मधला पट्टा, म्हणजे उणे ३ ते अधिक ३, कोणत्याच अंकाला दिलेला नाही. त्यात प्रत्यक्ष शून्य व्होल्टही आले. गणितातल्या शून्याला येथे दाब आहे. आणि जेथे दाब मुळीच नाही, तेथे शून्य नाही आणि एकही नाही, तेथे तार निखळली आहे असे समजायचे. काही नसणे आणि शून्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक या साध्या मानकाने पाळला.

आता एक मराठी अक्षर या तारेवर चढवून पाहू. सध्या जगभर रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत 'क' या अक्षरासाठी तीन बाइट लागतात : १११०००००, १०१००१०० आणि १००१०१०१. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट हाच असतो. तारेवर बाइट उजवीकडून, म्हणजे सर्वांत लहान स्थानाच्या अंकापासून, पाठवला जातो. प्रथम आरंभखुणेचे शून्य, मग पाच शून्ये, मग तीन एक आणि शेवटी विरामखुणेचा एक. म्हणजे आठ अंकांच्या बाइटसाठी तारेवर दहा खुणा जातात. सेकंदाला ९६०० खुणांच्या वेगाने एक खूण सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकते. 'ग्रंथालय' या शब्दात ग, हलन्तचिन्ह, र, अनुस्वार, थ, काना, ल आणि य अशी आठ चिन्हे आहेत. त्यांचे २४ बाइट आणि २४० खुणा होतात. त्या जायला २५ मिलिसेकंद लागतात. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या इस्की संकेतावलीत मात्र चिन्हामागे एकच बाइट लागे. तेव्हा हाच शब्द एक-तृतीयांश वेळात जात असे. जगातील सर्व लिप्यांना एकाच पंगतीत बसवण्यासाठी देवनागरीने मोजलेली ही किंमत आहे.

वरच्या उदाहरणात आरंभखूण धरून सहा शून्ये ओळीने आली. तेवढा वेळ तारेवरचा दाब जराही हलत नाही. ती सहाच आहेत, पाच किंवा सात नाहीत, हे घेणारा केवळ स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. प्रत्येक खुणेच्या मध्यावर तो दाब पाहतो. दोन घड्याळांत मिळून साधारण पाच टक्क्यांपर्यंत फरक असला तरी दहाव्या खुणेपर्यंत तो सावरतो. परंतु अक्षराअक्षराला समेवर न येता हजारो अंक सलग पाठवायचे असतील तर? तेथे एवढा फरक केव्हाच डोईजड होतो. लांबलेली सारखी पातळी ही यंत्राच्या दृष्टीने मौनासारखीच असते. तिच्यात मोजदाद हरवते.

या अडचणीवर मँचेस्टर विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक मार्ग निघाला. तेथे संगणकाच्या चुंबकीय स्मृतीसाठी जे संकेतन वापरले गेले, त्यात अर्थ पातळीला नसून बदलाला आहे. प्रत्येक अंकाच्या मध्यावर दाब चढतो किंवा उतरतो. चढला तर एक, उतरला तर शून्य, अशी एक रूढी आहे. अंक कोणताही असो, बदल होणारच. त्यामुळे संदेशाबरोबर घड्याळही तारेवरून येते. संगणकांना जोडणाऱ्या आरंभीच्या ईथरनेट जाळ्याने हीच पद्धत घेतली. तिची किंमत अशी की तेवढ्याच अंकांसाठी तारेला दुप्पट वेगाचे बदल सोसावे लागतात.

आज घरोघरी आढळणाऱ्या यूएसबीच्या मूळ पद्धतीत दुसरीच युक्ती आहे. तेथे दाब बदलला तर शून्य आणि न बदलला तर एक. साहजिकच ओळीने एकच एक आले की तार स्तब्ध होते. म्हणून नियम असा की सलग सहा एक गेले की पाठवणाऱ्याने मध्ये एक शून्य पदरचे घालायचे आणि घेणाऱ्याने ते गुपचूप काढून टाकायचे. पंचांग पाहणाऱ्यांना हे नवल वाटू नये. चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांचा मेळ सुटू नये म्हणून अधिकमास धरला जातो. त्या महिन्यात नेहमीचे सण धरले जात नाहीत, परंतु त्याच्यामुळेच पुढचे सण आपापल्या ऋतूत येतात. हे पदरचे शून्यही तसेच : मजकुरात त्याला स्थान नाही, पण त्याच्यावाचून मजकूर जागेवर राहत नाही.

एवढे करूनही चूक व्हायची ती होते. पावसाळी वीज, शेजारून जाणारी जाडजूड विद्युत्वाहिनी, ओल लागलेला सांधा, यांपैकी कोणीही एकाचे शून्य करू शकते. म्हणून मजकुरासोबत त्याची पडताळणी पाठवण्याचा प्रघात आहे. बाइटातील एकांची संख्या सम व्हावी असा एक जादा अंक जोडला, तर एक अंक बिघडताच संख्या विषम होते आणि चूक उघडी पडते. दोन अंक एकदम बिघडले, तर मात्र ही पडताळणी फसते. तेव्हा महत्त्वाच्या कामी संपूर्ण मजकुरावर भागाकार करून उरलेली बाकी सोबत धाडतात. घेणाऱ्याने तोच भागाकार करायचा आणि बाकी जुळवायची. कीर्द मिटवताना बेरीज दोनदा ताडून पाहणाऱ्या जुन्या दिवाणजींचीच ही रीत होय.

या साऱ्या खटाटोपाचे मोल कळते ते रेल्वेमार्गावर. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, हा सुरक्षेचा पहिला नियम. पूर्वी त्यासाठी यंत्रातून निघालेला धातूचा गोळा चालकाच्या हाती देण्याची पद्धत देशभर होती. गोळा हाती नाही तर गाडी पुढे नाही. बालाघाटकरांच्या ओळखीची नॅरोगेज आता इतिहासजमा झाली. २०१५ मध्ये नैनपूर-जबलपूर भागावरील छोट्या गाड्याही थांबल्या आणि मार्ग रुंद झाला. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवर आज अनेक ठिकाणी आस मोजणारी उपकरणे बसवलेली आहेत. रुळालगतच्या वेटोळ्यावरून चाक गेले की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि एक आस मोजला जातो. या टोकाला जितके आस आत गेले तितकेच त्या टोकाला बाहेर पडले, तरच मधला मार्ग मोकळा समजायचा. यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे आपापली मोजदाद एकमेकांना तारेवरून सतत कळवीत असतात, शून्य आणि एक यांच्याच भाषेत.

आता प्रश्न असा की मोजदाद येणे अकस्मात थांबले तर उपकरणाने काय समजावे? 'तक्रार नाही, म्हणजे मार्ग मोकळा आहे' असे ते समजले, तर तुटलेली तार शेकडो प्रवाशांच्या जिवावर बेतेल. म्हणून रचनाच अशी केली आहे की संदेश आला नाही, अपुरा आला किंवा पडताळणीत चुकला, तर मार्ग व्यापलेला आहे असेच धरले जाते आणि सिग्नल तांबडा राहतो. गाडीला उशीर होतो, प्रवासी त्रासतात, स्थानकावरील कर्मचाऱ्याला नियमानुसार खातरजमा करून उपकरण पूर्वपदावर आणावे लागते. परंतु उशीर भरून काढता येतो. मौनाचा अर्थ संमती असा व्यवहारात लावला जातो. रेल्वेच्या तारेवर मौनाचा अर्थ धोका असाच लावायचा असतो. लक्लांशेच्या घटापासून आजच्या केबलीपर्यंत जे शहाणपण जमत आले, त्याचे सार या एका नियमात आहे.

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि तारसेवा बंद झाली. तारेचा पाकीटबंद कागद गेला; तारेवरचा करार मात्र गेला नाही. आरंभखूण, विरामखूण, विश्रांतीतही जागी राहणारी तार आणि आलेला मजकूर ताडून पाहण्याची सवय, हे सर्व आजच्या उपकरणांत न दिसता चालू आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी या विषयाची निवड काहींना आडवळणाची वाटली असेल. पण ग्रंथालय हीही एक लांब तार आहे. तिचे एक टोक शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकांपाशी आणि दुसरे अजून न जन्मलेल्या वाचकांपाशी आहे. कपाटातील पुस्तक वर्षानुवर्षे कोणी मागितले नाही, तर ते मौन कोणत्या प्रकारचे आहे हे तपासण्याची जबाबदारी चालकांवर आणि सभासदांवर येते. वाचक येत आहेत, नोंदवही भरत आहे, कसर लागलेली पाने वेळीच बांधणीला जात आहेत, असा क्षीण का होईना प्रवाह चालू असेल, तर तार शाबूत आहे असे समजावे. हिंदीभाषक प्रांतात मराठी ग्रंथालय शंभर वर्षे चालवणाऱ्या पिढ्यांनी हा प्रवाह विश्रांतीतही खंडू दिला नाही. तो पुढेही वाहता राहो, एवढी सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.